संगीतपट, मराठी

गीते, वाद्यसंगीत आणि पुष्कळदा नृत्य यांच्या आधाराने ज्याचे कथानक उलगडत जाते, अशा चित्रपटास संगीतपट म्हणतात. मराठी बोलपट १९३२ साली जन्मास आला, तो गात गातच. तेव्हापासून चित्रपटनिर्मितीचे तंत्र, प्रदर्शनाची साधने व प्रेक्षकांची अभिरुची ही सर्व पालटली. तथापि संगीतप्रधान चित्रपटांची परंपरा खंडित झाली नाही. काही काळ तिला ओहोटी लागते आणि पुन्हा भरती येते, असे तिच्या इतिहासावरून दिसते. ह्या टिकाऊपणाचे कारण एकट्या चित्रपटगृहात शोधून सापडत नाही. चित्रपट गावात येण्यापूर्वी त्याचे गाणे येते व चित्रपट निघून गेल्यावरही ते मागे राहते, ही गोष्ट त्याच्या मुळाशी आहे. जेथे चित्रपटदर्शन हा दीर्घकाळ अपूर्वाईचा प्रसंग होता, अशा ग्रामीण भागात—उदा., ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत—ती विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येते.

स्वरूप : अमेरिकेत द जॅझ सिंगर (१९२७) ह्या अंशतः बोलक्या चित्रपटाने पडद्यावरील गायनास आरंभ झाला. पुढे फॉर्टी-सेकंड स्ट्रीट (१९३३), सिंगिंग इन द रेन (१९५२), वेस्ट साइड स्टोरी (१९६१), द साउंड ऑफ म्यूझिक (१९६५) अशा चित्रपटांतून ‘म्यूझिकल’ हा तेथील एक स्वतंत्र चित्रप्रकार सिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेच्या रंगभूमीशी त्याचे निकटचे नाते होते. पौराणिक असो, सामाजिक असो वा विनोदी, चित्रपटात गाणी असावयाचीच, असा प्रघात भारतात मात्र आरंभीच पडला. त्यामुळे संगीतपट कोणता व गाणी असलेला साधा चित्रपट कोणता, हे मराठीत काटेकोरपणे सांगता येत नाही. गीते वगळली असता ज्याची कथा अपुरी राहते तो संगीतपट, अशी कसोटी सोयीसाठी लावता येईल. या कसोटीने पाहिल्यास संतपट, तमाशापट, कलावंतांच्या जीवनावरील चित्रपट आणि संगीत नाटकांवरून केलेले चित्रपट हे मराठी संगीतपटाचे प्रमुख प्रकार ठरतात. यांपैकी प्रत्येकातील मुख्य पात्र मुळातच गाणारे असते. संत अभंग म्हणतो, शाहीर लावणी रचतो, तमाशातील स्त्री ती सादर करते. त्यामुळे पात्र एकाएकी का गाऊ लागले, हा प्रश्न मराठी प्रेक्षकास सहसा पडत नाही.

पूर्वपीठिका : गाणे ऐकत ऐकत कथा समजून घेण्याची सवय महाराष्ट्रास चित्रपटाच्या फार पूर्वीपासून होती. कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग या दोहोंतही पदांची योजना असते. तमाशात गण, गौळण व वग अशा क्रमाने गाणे आणि कथा एकमेकांत गुंफली जातात. पोवाड्यात तर इतिहासच गाऊन सांगितला जातो. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतल (१८८०) ह्या नाटकाने सुशिक्षित नागर समाजातही गायनप्रधान नाटकाची परंपरा रुजविली. बालगंधर्वांच्या काळात नाट्यपदे ही नाटकाबाहेर, घरोघरी व मैफलींतून गाइली जाऊ लागली. नाटक एका गावी झाले, तरी त्याचे पद ध्वनिमुद्रिकेवरून दूरवर जाई.

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र (१९१३) हा मूकपट होता. तथापि मूकपटांच्या खेळाच्या वेळी पडद्यापाशी बसून पेटी-तबला वाजविण्याची पद्धत चित्रपटगृहांतून रूढ झाली होती. म्हणजे चित्रपट बोलू लागण्यापूर्वीही प्रेक्षक तो संगीताच्या साथीनेच पाहत असत.

बोलपटाचा आरंभ : अर्देशर इराणी यांचा आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात सात गाणी होती. पुढील वर्षीच्या इंद्रसभा या मादन थिएटर्सच्या हिंदी-उर्दू चित्रपटात गाण्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. मराठीत प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली अयोध्येचा राजा (१९३२) हा बोलपट काढला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली होती; तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. टेंबे हे संगीत रंगभूमीवरील नामवंत पेटीवादक व संगीतकार असल्याने नाट्यसंगीताचा वारसा सरळ पडद्यावर आला.

त्या काळी चित्रण व ध्वनिमुद्रण एकाच वेळी करावे लागे. नटाला अभिनय करतानाच गावे लागे आणि वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर आडोशाला बसत. त्यामुळे गाता गळा हे नटाचे पहिले भांडवल ठरले. पुढे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रणाच्या वेळी ते वाजविण्याची रीत आली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाचा पद्धतशीर उपयोग केला आणि हळूहळू गाणारा व दिसणारा हे दोन भिन्न कलावंत झाले.

रंगभूमीवरील यश पडद्यावर जसेच्या तसे उतरत नाही, हे लवकरच ध्यानात आले. बालगंधर्वांनी प्रभातच्या धर्मात्मा (१९३५) मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. साध्वी मीराबाई (१९३७) ह्या चित्रपटात ते रंगभूमीवरील रीतीप्रमाणे स्त्रीभूमिकेत आले. परंतु तो प्रयत्न यशस्वी झाला नाही. रंगमंचावर दूरच्या प्रेक्षकाने सहज मान्य केलेला संकेत कॅमेऱ्याच्या जवळिकीत टिकेना. नाट्यपदाचा विस्तार, पुनरावृत्ती आणि ‘वन्स मोअर’ यांनाही चित्रपटात स्थान राहिले नाही. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे गाणे मावे. हीच मर्यादा चित्रपटगीताच्या आटोपशीर घडणीस पोषक ठरली.

संतपट व प्रभातचा काळ : केशवराव भोळे (१८९६–१९७७) आणि मास्टर कृष्णराव (१८९८–१९७४) यांनी प्रभातच्या चित्रपटांतून चित्रपटसंगीताची स्वतंत्र शैली घडविली. विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला संत तुकाराम (१९३६) हा त्या शैलीचा उत्कृष्ट नमुना होय. विष्णुपंत पागनीस यांनी रंगविलेला तुकाराम शेताची राखण करताना, संसाराच्या कटकटीत, लोकांच्या घोळक्यात सहज गातो. भोळे यांनी त्यासाठी वारकरी भजनाच्या वळणाच्या साध्या चाली योजल्या. शांताराम आठवले यांनी ह्या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग अनेकांना तुकारामांचाच वाटला. चित्रपटगीत लोकपरंपरेत किती बेमालूमपणे मिसळू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षभराहून अधिक काळ चालला व १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला.

कुंकू (१९३७) मध्ये भोळे यांनी याच्या उलट टोकाचा प्रयोग केला. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ध्वनी ऐकू येतात त्यांचा उगम प्रसंगातच असतो. शांता आपटे यांनी गाइलेल्या गीतांत लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही आहे. माणूस (१९३९) व शेजारी (१९४१) यांतील मास्टर कृष्णरावांच्या संगीतानेही गीताचा प्रसंगाशी सांधा कसा जुळवावा, याचा वस्तुपाठ दिला. प्रेक्षकांना रिझविण्याबरोबरच सामाजिक आशय पोहोचविण्याचे सामर्थ्य गीतात आहे, हे प्रभातने दाखवून दिले.

तमाशापट : स्वातंत्र्याच्या सुमारास संतपटांची लाट ओसरली व तिची जागा तमाशापटांनी घेतली. राजकमल कलामंदिरच्या लोकशाहीर रामजोशी (१९४७) ह्या चित्रपटाने तिचा आरंभ झाला. त्यात जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या. ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांची गीते आणि वसंत देसाई यांचे संगीत यांमुळे पेशवाईतील शाहिरी काव्याची गोडी नव्या पिढीस कळली. अमर भूपाळी (१९५१) हा होनाजी बाळा यांच्या जीवनावरील चित्रपट याच परंपरेतील असून तो १९५२ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धाविभागात दाखविण्यात आला.

अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेल्या सांगत्ये ऐका (१९५९) ह्या चित्रपटाने तमाशापटास अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. वसंत पवार यांचे संगीत, हंसा वाडकर व जयश्री गडकर यांचा अभिनय आणि कथेतील सूडाचे नाट्य यांमुळे तो पुण्यात एकाच चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. पिंजरा (१९७२) मध्ये व्ही. शांताराम यांनी तमाशाच्या मोहात सापडून भ्रष्ट होणाऱ्या शिक्षकाची कथा मांडली. जगदीश खेबुडकर यांची गीते व राम कदम यांचे संगीत ही तिची बलस्थाने होत. सुलोचना चव्हाण यांच्यासारख्या गायिकांनी चित्रपटातील लावणी घराघरांत नेली. दादा कोंडके (१९३२–९८) हे वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा ह्या लोकनाट्यातून चित्रपटात आले. सोंगाड्या (१९७१) पासूनच्या त्यांच्या चित्रपटांत द्व्यर्थी विनोद व ठेक्याची गाणी यांचा मेळ होता आणि त्यांना ग्रामीण प्रेक्षकांचा उदंड आश्रय लाभला.

याच काळात शहरी व कौटुंबिक चित्रपटांतून भावगीताच्या वळणाचे संगीतही बहरले. राजा परांजपे, माडगूळकर व सुधीर फडके (१९१९–२००२) यांच्या सहकार्यातून आलेला जगाच्या पाठीवर (१९६०) हे त्याचे ठळक उदाहरण. लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने मराठा तितुका मेळवावा (१९६४), साधी माणसं (१९६५) अशा काही चित्रपटांना संगीत दिले. त्यांत लोकगीतांच्या चालींचा साधेपणा जपलेला आहे.

तमाशापटांचा तमाशावर झालेला परिणाम दुहेरी होता. उपेक्षित लोककलेस त्यांनी प्रतिष्ठा व नवा श्रोता मिळवून दिला. परंतु त्यांतील लावणी पार्श्वगायिकेच्या आवाजात, मोठ्या वाद्यवृंदासह व नृत्यदिग्दर्शकाच्या कल्पनेनुसार सादर झाली. पुढे प्रेक्षक खुद्द तमाशाच्या फडातही चित्रपटातील लावणीचीच फर्माईश करू लागले. गण-गौळणीनंतरच्या रंगबाजीत चित्रपटगीतांचे प्रमाण वाढत गेले व वग मागे पडला. पिढ्यान्‌पिढ्या लावणी सांभाळणाऱ्या कलावंतिणींना तिच्या पडद्यावरील वैभवाचा वाटा क्वचितच मिळाला.

फिरती चित्रपटगृहे व ग्रामीण प्रेक्षक : मराठी संगीतपटाचा मोठा प्रेक्षकवर्ग खेड्यापाड्यांतील होता. तो चित्रपट कसा पाहत असे, हे समजण्यास शहापूर व मुरबाड हे तालुके उपयुक्त आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेला हा डोंगराळ व जंगलव्याप्त मुलूख मुंबईच्या तुलनेने जवळ आहे. भातसा, तानसा आदी जलाशयांतून तो मुंबईस पाणी पुरवितो. असे असूनही मुंबईच्या करमणुकीचा लाभ त्यास सहजी मिळत नसे. शहापूर हे मुंबई–आग्रा महामार्गावर असून आसनगाव हे त्याचे नजीकचे रेल्वेस्थानक आहे. मुरबाड रेल्वेमार्गापासून दूर असून तेथे कल्याणहून सडकेने जावे लागते. दोन्ही तालुक्यांतील अनेक पाडे डोंगरउतारावर विखुरलेले आहेत. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर (ठाकर), कातकरी व वारली हे येथील प्रमुख समाज. भातशेती हा मुख्य व्यवसाय असल्याने पावसाळ्यात उसंत नसे. कापणी-मळणी आटोपल्यावर हाती थोडा पैसा येई व जत्रा-लग्नांचा हंगाम सुरू होई. चित्रपट पाहण्याचा काळही तोच.

मुरबाड–कर्जत मार्गावरील म्हसे येथे पौष पौर्णिमेस भरणारी म्हसोबाची यात्रा ह्या भागात सर्वांत मोठी गणली जाते. गुरांचा बाजार व घोंगड्यांची विक्री यांसाठी ती प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील अशा मोठ्या जत्रांतून देवदर्शन व खरेदी यांच्या जोडीला पाळणे, तमाशाचे फड आणि तंबूतील फिरते चित्रपटगृह ही करमणुकीची नेहमीची साधने असत. ‘टुरिंग टॉकीज’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटगृहांचा मुक्काम पावसाळा संपल्यापासून पुढील पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव हलत असे. तंबू, पडदा, प्रक्षेपक, जनित्र व रिळांचे डबे ट्रकवर लादून मंडळी जत्रेच्या पंचांगाप्रमाणे प्रवास करीत. प्रेक्षक जमिनीवर बसत. काही ठिकाणी पडद्याच्या दोन्ही अंगांस बसण्याची सोय असे व मागील बाजूच्या प्रेक्षकांस चित्र उलटे दिसे. प्रक्षेपक एकच असल्यास रीळ बदलताना खेळात खंड पडे. जुन्या, वारंवार चाललेल्या प्रतीतून काही दृश्ये तुटून गेलेली असत.

अशा परिस्थितीत कथानकाचा धागा टिकविण्याचे काम गाणी करीत. तंबूवरच्या ध्वनिक्षेपकातून खेळापूर्वी तास-दोन तास गाणी वाजत. तीच जाहिरात होती आणि खेळास अवकाश आहे की तो सुरू होण्याच्या बेतात आहे, हेही त्यांवरूनच कळे. गाणी आधीच ओळखीची झालेली असल्याने पडद्यावर ती येण्याची वाट पाहणे, हा आनंदाचा एक भाग होई. नागर प्रमाण भाषेतील लांब संवाद दूरच्या पाड्यावरून आलेल्या प्रेक्षकास कळोत वा न कळोत, गाण्याचा ताल व भाव त्याला तत्काळ समजे. चित्रपट पाहून परतलेला माणूस इतरांना गोष्ट सांगे, तीही गाण्यांच्या आधाराने. ज्याने चित्रपट पाहिला नाही, त्यालाही अशा रीतीने तो अर्धाअधिक माहीत होई.

चित्रपटाशिवाय गाणे पोहोचविणाऱ्या इतर वाहिन्याही होत्या. ग्रामोफोन हा मोजक्या घरांत असे. पण लग्नसमारंभात भाड्याने आणलेल्या ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रिका दिवसभर वाजत. सामुदायिक श्रवणाचे रेडिओसंच व १९६० नंतर स्वस्त होत गेलेले ट्रान्झिस्टर यांनी गाणे शेतापर्यंत नेले. १९५२ नंतर काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर ती गीते आकाशवाणीवर परतली. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि त्यावरील छायागीत ह्या कार्यक्रमाने गाणे चित्रपटापासून सुटे करून दाखविण्याची प्रथा पाडली. वरातीतील ब्रास बँड व ठाणे-रायगड भागात विशेष लोकप्रिय असलेले बेंजो-पथक यांनी चित्रपटगीतांच्या चाली शब्दांवाचूनही लोकांच्या अंगी मुरविल्या.

ह्या प्रक्रियेत स्थानिक गाणे नाहीसे झाले, असे म्हणता येत नाही. मात्र त्याची जागा बदलली. लग्नविधीत धवलगीते गाणाऱ्या धवलेरी स्त्रिया, गौरी-गणपतीतील फेराची गाणी, ठाकरांचा ढोलनाच ही परंपरा विधीशी जोडलेली असल्याने टिकून राहिली. विधीबाहेरचा मोकळा वेळ मात्र उत्तरोत्तर चित्रपटगीताने व्यापला. काही वेळा जुन्या शब्दांना चित्रपटातील चाल लागली, तर काही वेळा लोकगीताची चालच चित्रपटात जाऊन नव्या शब्दांनिशी गावात परत आली.

आदिवासी संगीत व ‘जैत रे जैत’ : शहापूर-मुरबाडप्रमाणेच कर्जत, खालापूर, पनवेल या लगतच्या डोंगरपट्ट्यातही ठाकर समाजाची वस्ती आहे. या समाजाच्या जीवनावर बेतलेला जैत रे जैत (१९७७) हा चित्रपट मराठी संगीतपटाच्या इतिहासात वेगळा ठरतो. गो. नी. दांडेकर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी तो दिग्दर्शित केला. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरवाडीत ही कथा घडते. ढोल वाजविणारा नाग्या (मोहन आगाशे) डोंगराच्या कड्यावरील राणीमाशीला जिंकण्याचा ध्यास घेतो; स्वतःच्या मनाने नवरा सोडून आलेली चिंधी (स्मिता पाटील) त्या ध्यासात त्याला साथ देते. ना. धों. महानोर यांची गीते व हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांतून कथानक पुढे सरकते. येथे गाणे हे निवेदन, पूजा, शृंगार व शोक या सर्वांची भाषा होते. १९७७ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

या चित्रपटाने एक मूलभूत प्रश्नही उभा केला. ठाकरांचे गाणे व नाच हे समूहाचे असतात. फेर धरणारे सर्वच नाचतात, पाहणारा असा वेगळा वर्ग नसतो. कॅमेरा मात्र त्या वर्तुळाबाहेर उभा राहतो आणि प्रेक्षक निर्माण करतो. गीतकार, संगीतकार व गायक हे सर्व बाहेरचे असले, तर त्या रचनेस आदिवासी संगीत म्हणावे की त्याने प्रेरित झालेले चित्रपटसंगीत म्हणावे? जैत रे जैत मधील संगीत दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याने बोलीतील शब्दकळा व ढोलाचा ताल आदराने स्वीकारला, हे त्याचे मोठेपण. पण जी ठाकर गाणी पाड्यांवर गाइली जातात, त्यांच्या संकलनाचे व जतनाचे काम त्यामुळे भागत नाही.

ओहोटी व पुनरागमन : १९८० नंतर दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांचा प्रसार होऊन चित्रपटगृहांतील गर्दी घटली. मराठीत विनोदी चित्रपटांची चलती झाली व गाणे पुष्कळदा उपचारापुरते उरले. माहेरची साडी (१९९१) सारख्या कौटुंबिक चित्रपटाने ग्रामीण स्त्रीप्रेक्षकांस पुन्हा चित्रपटगृहाकडे खेचले. तथापि संगीतपटाचे खरे पुनरागमन त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी झाले. जोगवा (२००९) ह्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील नटरंग (२०१०) हा रवी जाधव यांचा चित्रपट तमाशात नाच्याची भूमिका पत्करणाऱ्या शेतमजुराची शोकान्तिका सांगतो. अतुल कुलकर्णी यांचा अभिनय, गुरू ठाकूर यांची गीते व अजय-अतुल यांचे संगीत यांमुळे तमाशापट नव्या पिढीस परिचित झाला. तमाशापटाने पूर्वी क्वचितच विचारलेला प्रश्न, म्हणजे रंगमंचावर स्त्रीवेशात लचकणाऱ्या पुरुषास समाज कसे वागवितो, हा ह्या चित्रपटाचा गाभा आहे.

नाट्यसंगीताचेही पडद्यावर पुनरुज्जीवन झाले. बालगंधर्व (२०११) मधील गायनासाठी आनंद भाटे यांना व कट्यार काळजात घुसली (२०१५) मधील गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. यांपैकी दुसरा चित्रपट पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ च्या नाटकावर आधारित असून जितेंद्र अभिषेकी यांच्या मूळ चालींबरोबर त्यात शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आहेत. कृ. प्र. खाडिलकर यांच्या १९११ च्या नाटकावरून संगीत मानापमान हा चित्रपट २०२५ मध्ये आला. नागराज मंजुळे यांच्या सैराट (२०१६) ने तर उत्पन्नाचे पूर्वीचे सर्व उच्चांक मोडले. अजय-अतुल यांच्या चार गाण्यांसाठी पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस अँजेल्स येथे करण्यात आले होते. चित्रपटगृहांतून प्रेक्षक गाण्यांवर उठून नाचले व काही गावी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. ह्या चित्रपटाच्या पूर्वार्धात गाणी आहेत, उत्तरार्धात ती थांबतात आणि अखेरीस संपूर्ण शांतता आहे. जातिभेदाने घडविलेल्या हत्येचा आघात त्या शांततेमुळेच तीव्र होतो. गाणे कोठे थांबवावे, हेही संगीतपटाच्या कलेचे अंग होय, हे यावरून ध्यानात येते.

टिकाऊपणाची कारणे : मराठी संगीतपटाच्या प्रदीर्घ लोकप्रियतेची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील. (१) कीर्तन, तमाशा, पोवाडा व संगीत नाटक या परंपरांमुळे गीतातून कथा ऐकण्याचा संस्कार प्रेक्षकांवर आधीपासूनच होता. चित्रपटास तो नव्याने घडवावा लागला नाही. (२) साक्षरता, बोली व प्रमाण भाषा यांची बंधने गाण्यास फारशी आड येत नाहीत. (३) गाणे चित्रपटापासून सुटे होऊन ध्वनिमुद्रिका, रेडिओ, वाद्यपथक व भ्रमणध्वनी यांवाटे स्वतंत्रपणे जगते आणि प्रत्येक ऐकण्यासरशी मूळ चित्रपटाचे स्मरण ताजे करते. (४) लग्न, वरात, गणेशोत्सव, भजन अशा प्रसंगी ते पुन्हा गाइले वा वाजविले जाते. म्हणजे श्रोता त्यात भाग घेतो. कथा ऐकली की संपते, पण गाणे स्वतःच्या गळ्यातून काढता येते. (५) प्रत्येक पिढीने जुनाच साचा घेऊन त्यात आपला प्रश्न घातला. संत तुकाराम मध्ये तो भक्ती व संसार यांचा, पिंजरा मध्ये नीतीचा, नटरंग मध्ये कलावंताच्या प्रतिष्ठेचा, तर सैराट मध्ये जातीचा होता.

सद्यःस्थिती : फिरत्या चित्रपटगृहांची संख्या एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून झपाट्याने घटली. रिळांची जागा संगणकीय प्रतींनी घेतल्यावर जुने प्रक्षेपक निरुपयोगी झाले व नव्या यंत्रांचा खर्च जत्रेतल्या उत्पन्नात बसेना. महाराष्ट्रातील अशा चित्रपटगृहांच्या अखेरच्या पर्वाचे चित्रण द सिनेमा ट्रॅव्हलर्स (२०१६) ह्या अनुबोधपटात आढळते. २०२० च्या मार्चपासून महासाथीमुळे चित्रपटगृहे व जत्रा दीर्घकाळ बंद राहिल्या, त्याचाही फटका ह्या व्यवसायास बसला. आता शहापूर-मुरबाडमधील तरुण चित्रपट भ्रमणध्वनीवर एकट्याने पाहू शकतो. पूर्वी गाणे एकट्याने गुणगुणले जाई आणि चित्रपट सर्वांनी मिळून पाहिला जाई. आता चित्रपट एकट्याने पाहिला जातो आणि त्यातील गाणे मात्र वरातीत सर्व मिळून नाचण्यासाठी उरले आहे. समूहाने एकत्र येऊन संगीताचा आनंद घेण्याची गरज जोवर टिकून आहे, तोवर संगीतपटासही प्रयोजन राहील. त्याने ज्या लोककलांपासून चाली घेतल्या, त्या कलांचे व कलावंतांचे ऋण मात्र बहुतांशी अजून फेडावयाचेच आहे.